पालकाच्या रकान्यातला माणूस

माझी सगळ्यात जुनी आठवण हवेत तरंगणाऱ्या कापसाची आहे. दुकानाच्या उंच दारातून तिरपं ऊन आत आलेलं, त्या उन्हात कापसाचे तंतू खाली पडायचं विसरल्यासारखे फिरत राहिलेले, आणि मी एका बिनगादीच्या खुर्चीच्या चौकटीत, ताणून बसवलेल्या पट्ट्यांवर, अंगाचं मुटकुळं करून निजलेली. शेजारी टक् टक् आवाज. तो थांबला की मला जाग यायची, सुरू झाला की पुन्हा डोळा लागायचा.

तो आवाज अब्बूंच्या हातोडीचा. अब्बू जुन्या खुर्च्या आणि सोफे भरून द्यायचे. फाटलेलं कापड सोलायचं, आतला काथ्या झटकायचा, सैल झालेल्या स्प्रिंगा सुतळीनं बांधायच्या, वर कापसाचा थर, मग नवं कापड. कापड ठोकायचे बारीक खिळे, म्हणजे चुका, ते ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सरकवत हातोडीच्या चुंबकी टोकावर घ्यायचे. त्यामुळे दिवसभर ते जवळजवळ मुकेच असायचे. शेजारचा छत्रीवाला म्हणायचा, "या माणसाच्या सगळ्या चुका तोंडात, कामात एकही नाही."

अब्बू माझे जन्मदाते नव्हेत. ते अब्बा. अब्बा बंदरावर क्रेन चालवायचे आणि मी दहा महिन्यांची असताना तीन दिवसांच्या तापात गेले. अब्बा आणि अब्बू, लिहिताना एक काना आणि एक ऊकार एवढाच फरक. पण एकाचा चेहरा मला अजिबात आठवत नाही आणि दुसऱ्याच्या तळहातावरचे घट्टेसुद्धा मी मोजून सांगू शकेन.

अम्मी घरी बसून उशांचे अभ्रे शिवायची आणि अब्बू ते न्यायला यायचे. मी तेव्हा तीन वर्षांची. एकदा ते दारात उभे असतानाच मी सोफ्याला लावायचं एक बटण नाकात घातलं. अब्बूंनी मला मांडीवर घेतलं, दुसरी नाकपुडी बोटानं दाबली आणि म्हणाले, "आता असं शिंकर, की समोरची भिंत पडली पाहिजे." भिंत उभीच राहिली, बटण मात्र त्यांच्या सदऱ्यावर जाऊन बसलं. त्यांनी ते रुमालानं पुसलं, खिशात टाकलं आणि अभ्र्यांचं गाठोडं उचलून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात एका वयस्क बाईंकडून त्यांची मागणी आली. अडतिशी गाठलेला, लग्न न झालेला, फारसं न बोलणारा माणूस. अम्मीनं उलट निरोप धाडला, "पोरीचं काय?" उत्तर आलं, "पोरीमुळेच तर विचारतोय."

मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हाचा प्रसंग अम्मी अजून रंगवून सांगते. शाळेच्या कचेरीत अब्बूंनी फॉर्म भरला. 'वडिलांचं नाव' या ओळीत अब्बांचं नाव. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "अहो, आता वडील तुम्हीच ना? मग स्वतःचं नाव लिहा की. उगाच पुढे भानगड."

"भानगड कसली? पोरीला वडील आहेत. वारले म्हणून कुणी नव्हतं होत नाही."

"मग तुम्ही कोण?"

अब्बूंनी फॉर्मवर खाली बोट ठेवलं. "हा खालचा रकाना आहे ना, पालकाचा? तो मी."

कारकून अम्मीकडे बघून म्हणाला, "यांना समजवा जरा." अम्मी म्हणते, मी काय समजावणार, मलाच रडू फुटलं होतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सात वर्षांची होईपर्यंत माझ्या नावापुढचं ते नाव मला माझ्या वेणीइतकंच माझं वाटायचं. ते कुणाचं, हा प्रश्नच पडला नव्हता. मग एक दिवस बाकावरच्या मैत्रिणीनं माझी वही उलटीसुलटी करून बघितली. "तुला घ्यायला येतात ते खुर्चीवाले ना? त्यांचं नाव तर दुसरंच आहे. म्हणजे तू त्यांची नाहीसच."

मी घरी न जाता तडक दुकानात गेले. अब्बू गुडघ्यांवर बसून एका लांबलचक सोफ्याला कापड ठोकत होते. मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, "तुम्हाला मी नको आहे का?"

हातोडी थांबली. त्यांनी तोंडातल्या चुका तळहातावर घेतल्या, एक खाली पडली ती शोधली, सगळ्या डबीत ठेवल्या. तेवढा वेळ मला युगासारखा वाटला. मग ते फरशीवरच बसले आणि मला समोर बसवलं.

"कोण म्हणालं?"

"तुम्ही तुमचं नाव का नाही दिलंत मला?"

"द्यायला फार आवडलं असतं गं," ते म्हणाले. "इतकं, की त्या कचेरीत पेन उघडून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. पण असं बघ. तुझ्या अब्बांचं आता इथे काय उरलंय? घर नाही, कपडे नाहीत, आवाज नाही. एक त्यांचं नाव उरलंय आणि एक तू. दोन्ही मीच घेऊन बसलो तर तो माणूस जाईल कुठे?"

"आणि हे माझ्या डोक्यातलं नाही. अल्लाहचा हुकूमच आहे, मुलांना त्यांच्या बापाच्या नावानंच हाक मारा. दुसऱ्याचं मूल छातीशी धरा, पोटच्यासारखं वाढवा, त्याला केवढा मोठा दर्जा दिलाय! पण त्याच्या बापाचं नाव पुसू नका. मी तुझ्यावर जीव लावायला मोकळा आहे. नाव पुसायला मोकळा नाही."

मला अर्धंच कळलं. पण रडू थांबलं होतं, म्हणून मी विचारलं, "कसे होते ते?"

अब्बूंनी अब्बांना कधी पाहिलंच नव्हतं. आणि अम्मीला विचारलं की ती गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत आत निघून जायची; आत जाऊन बघितलं तर गॅस बंद आणि अम्मी ओट्याला टेकून उभी.

"माहीत नाही," अब्बू म्हणाले. "पण शोधून काढू."

जुम्म्याच्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर दुकान बंद असायचं. त्या दुपारी आमच्या झाल्या. अब्बू माझं बोट धरून अब्बांना ओळखणाऱ्या एकेका माणसाकडे मला न्यायचे. दुकानाच्या पायरीवर, मशिदीच्या कट्ट्यावर, कुणाच्या तरी खाटेच्या कडेला आम्ही बसायचो आणि अब्बू म्हणायचे, "ही त्यांची मुलगी. काही आठवत असेल तर सांगा हिला." मग समोरचा माणूस माझ्याकडे एकटक बघायचा आणि त्याची नजर माझ्यातून आरपार कुठेतरी लांब जायची.

न्हाव्यानं सांगितलं, त्यांच्या डोक्याला दोन भोवरे होते, केस कापताना कंगवा चक्रावायचा. फळवालीनं सांगितलं, संत्र्याची साल टाकायचे नाहीत, तीही खायचे. अब्बांना लहानपणी शिकवलेले मौलवी साहेब म्हणाले, चटईवर बसल्या बसल्या झोपायचा, पण जागा असला की असं पढायचा की पाखरंही खिडकीत येऊन बसायची. पाखरांचं खरं की खोटं, कुणास ठाऊक. घरी परतताना अब्बू ते सगळं माझ्याकडून पाढ्यांसारखं म्हणवून घ्यायचे. "दोन भोवरे." "दोन भोवरे." "संत्र्याची साल." "संत्र्याची साल."

मग दुकानातल्या एखाद्या बिनगादीच्या खुर्चीत पडून मी ते तुकडे जोडत बसायची. कापसाच्या त्या तरंगत्या धुक्यात दोन भोवऱ्यांचा एक माणूस चालत यायचा, चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड असायचा. तो कधी बोलायचा नाही. मला त्याची भीती वाटायची नाही, कारण टक् टक् चालूच असायचं.

एका जुम्म्याला आम्ही बंदरावर गेलो. अब्बांच्या पाळीतला जोडीदार तिथे अजून काम करत होता, दोन्ही कानांवर केस असलेला दणकट माणूस. तो आम्हाला एका जुन्या, गंजलेल्या क्रेनपाशी घेऊन गेला. "ही त्यांची. ते गेले तेव्हापासून ही बंदच आहे. नव्या आल्या, पण हिला कुणी हलवलं नाही. वर जायचंय, पोरी?"

मी हो म्हणाले आणि अब्बूंकडे बघितलं. अब्बूंना उंचीची भीती. घरात पडदा लावायचा तर अम्मी स्टुलावर चढायची आणि अब्बू स्टूल धरायचे. त्यांनी वर बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "तू पुढे हो. मी मागून येतो."

लोखंडी शिडीला भोवती गोल पिंजरा होता. जोडीदार सगळ्यात पुढे, मधे मी, मागे अब्बू. मला खालून सारखी पुटपुट ऐकू येत होती. त्यांना जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या ते म्हणत होते, आणि संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मधेच मी म्हणाले, "अब्बू, खाली बघा ना, माणसं मुंग्यांएवढी झालीत!" ते म्हणाले, "मी तुझ्या चपला बघतोय. चपला छान आहेत."

वरची केबिन काचेची होती. समोर पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, मधली रेघ कुठे आहे ते कळतच नव्हतं, आणि जहाजं हवेत टांगल्यासारखी. एक ढग इतक्या जवळून गेला की हात बाहेर काढला असता तर ओला झाला असता. जोडीदार म्हणाला, "असा ढग आला की तुझे अब्बा त्याला ओरडायचे, बाजूला हो रे, मला खालचं दिसत नाही." मी अब्बांच्या जागेवर बसले. पाय लटकत होते. बसल्यावर मला काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कुणीतरी आपल्याला मांडीवर घेऊन बसलंय आणि आपण मागे वळून बघायचं नाही, असं काहीसं.

थोड्या वेळानं अब्बूंनी मला उठायला सांगितलं. वाटलं, आता खाली जायचं. पण ते त्या सीटपुढे ओणवे झाले आणि रेक्झिनवरून तळहात फिरवू लागले, रोज दुकानात फिरवायचे तसा. आपण किती उंचावर आहोत हे ते विसरून गेले होते.

"हिच्यावर नंतर कुणी बसलं नाही?"

"नाही. पाळीला आम्ही बाकीचे दुसऱ्या क्रेनवर असायचो. ही एकट्या त्यांचीच."

"डावीकडे रेलून बसायचे," अब्बू म्हणाले. "डावी बाजू बघ किती दबलीये. आणि इथे पुढे कडेला घासलंय, म्हणजे पाय हलवायची सवय होती. अंगानं बारीक असणार, खोलगट फार नाही."

जोडीदारानं तोंडावर हात ठेवला. "अगदी असेच. पाय सारखा हलवायचे, केबिन थरथरायची."

एवढे दिवस अब्बांबद्दल आम्हाला दुसऱ्यांनी सांगितलं होतं. हे अब्बूंनी स्वतः शोधलं. ते खाली उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बारीक होता गं. बारीक होता."

सगळ्या दुपारी अशा नव्हत्या. बंदराच्या गोदामात माल तोलणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे आम्ही गेलो, तर तो म्हणाला, "आठवतात ना. चारचौघांत माझ्या कानफटात मारली होती. चूक माझी नव्हती. पुढे कळलं त्यांना, पण माफी मागायला काही आले नाहीत."

"खोटं आहे!" मी ओरडले.

अब्बूंनी माझा हात घट्ट धरला. म्हाताऱ्याला म्हणाले, "त्यांच्या वतीनं मी माफी मागतो. माणसाचा हक्क माणसानंच सोडावा लागतो. तुमच्या मनात असेल तर त्यांना माफ करा."

"तुम्ही कोण त्यांचे?"

अब्बू जरा अडखळले. "त्यांच्या मुलीचा पालक."

म्हाताऱ्यानं तराजूच्या पारड्यातलं वजन उचलून खाली ठेवलं. मग म्हणाला, "जा. केलं माफ."

वाटेत मी फुरंगटून दहा पावलं पुढे चालत होते. अब्बू मागून म्हणाले, "तुला फरिश्ता आणून देतो असं मी कधी म्हटलं होतं? माणूस होते ते. आज त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. ते उतरवायला तू त्यांच्या कामी आलीस."

एव्हाना आमच्या घरात धाकटा आला होता. त्याच्या नावापुढे अब्बूंचं नाव लागलं आणि त्याचा मला हेवा वाटला, हे कबूल करते. पण अब्बू न्यायाला पक्के. मुलांमधे दुजाभाव करू नका ही पैगंबर साहेबांची शिकवण त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की बाहेरून आल्यावर धाकट्याच्या गालाचा मुका घेतला की मला शोधत स्वयंपाकघरापर्यंत यायचे आणि माझाही घ्यायचे. मी तेव्हा बारा वर्षांची. "अब्बू, पुरे!" "हिशेब बरोबर झाला, आता पुरे." नमाजच्या वेळी ते सजद्यात गेले की धाकटा पाठीवर चढायचा आणि तो आपणहून उतरेपर्यंत अब्बू कपाळ टेकवून तसेच राहायचे. अम्मी मुलाला ओढायला गेली की नमाज झाल्यावर म्हणायचे, "राहू दे. पैगंबर साहेबांनीही नातवासाठी सजदा लांबवला होता, मी कोण मोठा?"

पाच वर्षांचा झाल्यावर धाकट्यानं जुम्म्याच्या एका दुपारी भोकाड पसरलं. तो रडण्याचं कारण सांगेना. शेवटी हुंदके देत म्हणाला, "हिला दोन दोन आहेत. मला पण दुसरा बाप पाहिजे." त्या दिवसापासून तोही आमच्याबरोबर यायला लागला आणि अब्बांच्या गोष्टी माझ्यापेक्षा चढवून सांगायला लागला.

मी शिकले, शाळेत शिकवू लागले, आणि चोविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. तेव्हा अब्बूंनी एक काम काढलं ज्यावरून आमचं पहिलं आणि शेवटचं मोठं भांडण झालं. निकाहात मुलीच्या बाजूनं वली, म्हणजे तिला लग्नात देणारा, लागतो, आणि तो बापाच्या रक्ताचा. अब्बांचे थोरले भाऊ, माझे मोठे अब्बा, दोन दिवसांच्या प्रवासावर राहायचे. अब्बा गेल्यापासून त्यांनी आमचं तोंड पाहिलं नव्हतं. अब्बू त्यांना आणायला निघाले.

"ज्यानं वीस वर्षांत एक पत्र लिहिलं नाही, तो माझं लग्न लावणार? आणि तुम्ही कोपऱ्यात बसणार?"

"हक्क त्यांचा आहे, बेटा."

"आणि तुमचा?"

अब्बू पिशवीत कपडे भरत होते. "मी हक्क म्हणून केलं असतं तर थकून गेलो असतो," एवढंच म्हणाले आणि पिशवीची चेन लावली.

पाचव्या दिवशी ते मोठ्या अब्बांना घेऊन आले. वाकलेला, नजर चुकवणारा म्हातारा माणूस. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि मधेच खाली घेतला. मीच डोकं पुढे केलं. अब्बू बघत होते म्हणून, दुसरं काही नाही.

निकाहाच्या दिवशी मी आतल्या खोलीत बायकांमधे बसले होते, मधला दरवाजा उघडा. मौलवी साहेबांनी विचारलं, "वली कोण?" मोठे अब्बा उभे राहिले. मग म्हणाले, "वली मी आहे. रक्तानं मी आहे. पण वली आपल्या जागी वकील नेमू शकतो ना, मौलवी साहेब?"

"नेमू शकतो."

"मग मी यांना नेमतो." त्यांनी अब्बूंचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. "माझ्या भावाची लेक यांनीच द्यावी. मला तेवढं तोंड नाही."

अब्बूंना हे ठाऊक नव्हतं. प्रवासातही मोठे अब्बा याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मौलवी साहेबांनी शब्द सांगितले आणि अब्बू बोलायला लागले. आवाज इतका बारीक, की त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा मात्र तो सगळ्या घरात घुमला. माझं नाव, मग 'बिन्त', म्हणजे मुलगी, आणि पुढे अब्बांचं नाव, एकेक अक्षर सुटं, जपून, जणू तो माणूस दारात उभा आहे आणि त्याला आत बोलावलं जातंय. माझ्याशेजारी बसलेल्या अम्मीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

आता अब्बू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दुकान धाकटा बघतो. सकाळी काय खाल्लं ते अब्बूंना आठवत नाही, माझ्या मुलांची नावं एकमेकांना देतात. नमाज मात्र चुकत नाहीत, फक्त कधी कधी एक वेळची दोनदा पढतात.

मागच्या जुम्म्याला मी गेले तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. अम्मी शेजारी भाजी निवडत होती. मला बघून म्हणाले, "तुझ्या अब्बांना पोहता यायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी होतो ना तिथे. आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि म्हणाले, मी एवढाच भिजणार. आणि घसरले. मी हात दिला तर मलाच आत ओढलं. हसतायत, हसतायत! वर यायचं नावच घेईनात."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. हे घडलंच नव्हतं. दोघांची भेट एकदाही झाली नव्हती. मी अम्मीकडे बघितलं, ती गॅसचं निमित्त काढून उठेल म्हणून वाट पाहिली. ती उठली नाही. भाजीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली होती.

"हो," ती म्हणाली. "आणि दोघं तसेच निथळत घरी आलात. सगळी फरशी ओली केलीत."

"तू ओरडलीस," अब्बू म्हणाले.

"ओरडणारच. टॉवेल एक, आणि माणसं दोन."

"आधी त्याला दिलास."

"त्यांना सर्दी लगेच व्हायची," अम्मी म्हणाली. हे तिनं खरं सांगितलं की तळ्याच्या गोष्टीतलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि दोघंही त्याच उन्हाकडे बघत होती.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. "मग पुढे काय झालं?"